दिलाशाची प्रत

ऐक. तो फोन आधी पालथा ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही. शेवटी मीच तुला बोलायला लावणार आहे.

गोष्ट फार लांबची नाही. अजून दहा-बारा वर्षं पुढं जा, बस्स. गाव मिरज. गल्लोगल्ली दवाखाने, कर्नाटकातून आलेल्या गाड्या, जिन्यात डबे घेऊन बसलेले नातेवाईक, हे सगळं तेव्हाही तसंच. तिथं एक वारणा स्कॅन सेंटर होतं आणि त्यात केतकी मगदूम कामाला होती. फोटो काढायची. छातीचे, पोटाचे, हाडांचे. "श्वास घ्या... धरा... सोडा," हे दिवसभरात इतक्यांदा म्हणायची की घरी कुकरची शिट्टी व्हायला लागली तरी तिच्या तोंडून "सोडा" निघायचं.

घर म्हणशील तर ओरडणारं. माणसं तीनच, पण आवाज तेरा जणांचा. नवरा अभिनंदन, त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, दिवसभर मोटारींच्या वर आवाज काढायची सवय. सासरे आप्पा, साखर कारखान्यातून रिटायर झालेले आणि जाताना कारखान्यातली निम्मी साखर रक्तात घेऊन आलेले. आप्पांनी जिलबीकडं नुसतं बघितलं तरी अभिनंदन ओरडायचा. अभिनंदननं ओला टॉवेल गादीवर टाकला की केतकी ओरडायची. केतकीनं स्कूटर फाटकात आडवी लावली की दोघं मिळून ओरडायचे. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं ही आप्पांची शिस्त, आणि केतकीची ड्यूटी नेमकी तेव्हाच सुटायची. ती धापा टाकत घरात शिरली की अभिनंदन ताटावरूनच, "दिवस बुडाला! कुठं मरायला गेली होतीस?" आणि ती चप्पल काढता काढता, "स्मशानात नव्हते, सेंटरला होते. वाढ."

एवढं लक्षात ठेव. त्या घरात माया म्हणजे ओरडणं. दुसरी पद्धतच त्यांना ठाऊक नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. तेव्हा एक कायदा आला. रुग्णाचा फोटो रुग्णाच्या हातात. म्हणजे सेंटरमध्ये फोटो निघाला की सरळ पेशंटच्या फोनवर. ऐकायला किती छान! पण फोन आता नुसते फोन नव्हते, ते फोटो वाचायचे. वाचून मोठ्यांदा सांगायचे. एकदा कवठेमहांकाळकडची एक आजी सेंटरच्या बाकावर बसली होती, मुलगा आत डॉक्टरांकडं. आणि तिच्या मांडीवरचा फोन गोड आवाजात बोलायला लागला. नमस्कार म्हणाला, तुमच्या यकृतात गाठ आहे म्हणाला, ती पसरलीय म्हणाला, साधारण किती महिने उरतात तेही म्हणाला, आणि वर म्हणाला, तुमचा दिवस आनंदात जावो. मुलगा बाहेर आला तेव्हा आजी पदराची गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती. ती जाईपर्यंत परत बोलली नाही म्हणे.

आता सांग, आपल्याकडं कधी कुणी पेशंटला सांगतं का? डॉक्टर आधी विचारणार, "सोबत कोण आलंय?" पेशंटला बाहेर बसवणार. पोरगा आत जाऊन पांढराफटक होणार, नळावर तोंड धुणार, आणि बाहेर येऊन म्हणणार, "काही नाही ओ, उष्णता झालीय." पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय. आणि आता खिशातलं यंत्रच चहाडी करायला लागलं. सेंटरचे मोठे डॉक्टर बुधगावकर, त्यांच्यापुढं रोज नातेवाईक हात जोडून उभे. डॉक्टर, काहीतरी करा. आमच्या वडिलांना कळलं तर ते रोगानं नाही, कळल्यानंच जातील.

आणि बुधगावकरांनी केलं.

बघ, फोटो म्हणजे काय? ठिपके. लाखो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, किती काळा किती पांढरा. आता लग्नाची पंगत डोळ्यापुढं आण. सगळे पाटावर बसलेत. यजमान म्हणतो, जरा एकेक पाट सरका की. सगळे सरकले की मध्ये एक पाट रिकामा. फोटोत तेच करायचं. सगळ्यात जास्त ठिपक्यांना जो आकडा आहे तो शोधायचा. त्याच्या पुढचे सगळे आकडे एकेकानं पुढं सरकवायचे, म्हणजे त्याच्या शेजारची जागा रिकामी झाली. मग त्या जास्तवाल्या हजारो ठिपक्यांपैकी काहींना रिकाम्या जागेवर बसवायचं, काहींना आहे तिथंच ठेवायचं. सरकला तर हो, नाही सरकला तर नाही. हो, नाही, हो, हो, नाही. कॉम्प्युटरला एवढीच भाषा पुरते, त्यात काय वाट्टेल ते लिही. एका आकड्याचा फरक डोळ्याला दिसतो का? नाही दिसत. आणि खरी करामत पुढंच आहे. आतलं वाचून झालं की पंगतीला म्हणायचं, चला, आपापल्या पाटावर. सगळे एकेक मागं. मूळ फोटो जसाच्या तसा, एक ठिपका इकडचा तिकडं नाही. डॉक्टरी फोटोत हे फार महत्त्वाचं, कारण एक ठिपका चुकला तर उद्या कुणाचं तरी फुफ्फुस चुकेल.

आधी याचा उपयोग साधा होता. फोटोच्या पोटात पेशंटचं नाव-गाव लपवायचं, म्हणजे याचा फोटो त्याच्या फायलीत जायला नको. बुधगावकरांनी नाव-गावाच्या जागी गाठ लपवली. कळलं का? फोटो फोनवर जायच्या आधीच त्यातला गाठीचा तुकडा कापायचा. तो तुकडा उरलेल्या फोटोच्या ठिपक्यांत लिहून टाकायचा. आणि कापलेल्या भोकात यंत्राकडून निरोगी फुफ्फुस भरून घ्यायचं, इतकं बेमालूम की वाचणारा फोनसुद्धा फसतो. फोन म्हणणार, अभिनंदन, सगळं ठीक आहे. डॉक्टरांकडं आणि प्रती बनवणाऱ्यांकडं मात्र चावी. चावी म्हणजे अंगठा. काचेवर अंगठा टेकवला की पंगत मागं सरकते, तुकडा आपल्या जागी येतो, खरा फोटो समोर. कायद्यालाही बोलायला जागा नाही. फोटो दिलाय की! सगळाच्या सगळा आतच आहे!

सेंटरमध्ये तिला नाव पडलं दिलाशाची प्रत.

एक अट मात्र बुधगावकरांनी कडक ठेवली होती. ज्याला काही औषधच नाही, त्याच्याच घरच्यांना ही प्रत मिळायची. ज्याला उपाय आहे त्याला खरं सांगायचं, लढायला लावायचं. म्हणजे उलटं बघ. ज्याच्या फोटोच्या पोटात काही लपवलंय, त्याचं सगळं संपलंय. हेही लक्षात ठेव.

प्रती बनवायचं काम दोघांकडं, केतकी आणि दुसऱ्या पाळीचा मुबीन. मुबीन शिकलगार, सितार बनवणाऱ्यांच्या घरातला, बोलताना बोटं कायम तारा छेडल्यासारखी. तो म्हणायचा, "ताई, आपण मेकअपवाले. नवरी सोडून बाकी सगळ्यांना सजवतो." केतकीला वाईट वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. एखादी म्हातारी हसत हसत जिना उतरायची, मुलगा मागून केतकीकडं बघून डोळ्यांनी हात जोडायचा. ती घरी येऊन अभिनंदनला म्हणायची, "आज तिघांना सोडवलं."

मग आप्पांना खोकला लागला.

आधी सगळे त्यांच्यावरच ओरडले. थंड पाणी पिता, पंख्याखाली झोपता, चोरून दही खाता. मग खोकल्यातून रक्त आलं आणि ओरडणं बंद झालं. फोटो केतकीनंच काढला. "श्वास घ्या आप्पा... धरा..." आणि पडद्यावर डाव्या फुफ्फुसात चिंचोक्याएवढा पांढरा डाग उठला, त्याच्याभोवती रवा सांडल्यासारखे बारके बारके अजून. तिला "सोडा" म्हणायचं सुचेना. आप्पाच आतून ओरडले, "सोडू का गं? का असाच मरू?"

बुधगावकरांनी मान हलवली. काही करता येणार नाही.

अभिनंदन मशीनच्या खोलीत आला आणि दार लावून म्हणाला, "प्रत कर."

"अभि, नको."

"रोज लोकांची करतीस. माझ्या बापाची नको?"

"आप्पांनी मला सांगून ठेवलंय. माझ्या बाबतीत असलं करू नका म्हणून."

खरंच सांगून ठेवलं होतं. आप्पांचा धाकटा भाऊ निपाणीला, तात्या. आप्पा तरुणपणी ट्रेनिंगला उत्तरेत गेले होते तेव्हा त्यांची आई आजारी पडली, आणि तात्यानं कळवलंच नाही. भावाचं ट्रेनिंग अर्धवट राहील म्हणून. आप्पा आले ते थेट दहाव्याला. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं नाही. दर वर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीला आप्पा अख्ख्या गल्लीची क्षमा मागायचे, दूधवाल्याची, शेजारच्या कुत्र्याची, आणि निपाणीला फोन मात्र लावायचे नाहीत. फोन हातात घेऊन बसायचे आणि ठेवून द्यायचे. "पुढच्या वर्षी," म्हणायचे. एकदा केतकीला म्हणाले होते, "मला वेळ आली की सांग हां. निपाणीला जायचंय मला एकदा. आधी सांगितलंस तर जाईन. नाहीतर मी जाणारा माणूस नाही, मला ठाऊक आहे."

केतकीनं हे सगळं अभिनंदनला सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. एवढा मोटारी उचलणारा माणूस. म्हणाला, "त्यांनी मला विचारलं, अभ्या, काय निघालं रे, तर मी काय सांगू? माझ्या तोंडून नाही निघणार, केतकी. तू सांगशील? तू सांग मग. जा, ते बाहेर बसलेत, सांग."

केतकी दारापर्यंत गेली. काचेतून आप्पा दिसले. बाकावर बसून शेजारच्या बाईला साखर कारखान्यातला बॉयलर फुटल्याची गोष्ट सांगत होते, हात वर करून. ती परत आली. काच पुसली आणि प्रत केली.

रोजचंच काम. पण या वेळी तुकडा कापताना कड वाकडी आली, म्हणून पुन्हा कापावा लागला. मग बाहेर जाऊन हसून म्हणाली, "बघा आप्पा, काचेसारखं आहे. धूळ साचली होती नुसती."

आप्पांच्या फोनला दुजोरा द्यायला काय लागतंय? अभिनंदन, सगळं ठीक आहे. आप्पा म्हणाले, "याला माझ्या पोराचं नाव कसं ठाऊक?"

पुढं काय झालं असेल? आनंदीआनंद! आप्पांनी तो फोटो बसदीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, सगळ्यांना दाखवला. "बघा, सत्तरीत फुफ्फुस बघा." खोकल्याचं म्हणून दिलेलं वेदनेचं औषध घेऊन टुणटुणीत फिरायला लागले. आणि घर बदललं. जिलबी आली तर कुणी डबा लपवेना. पंख्याखाली झोपले तर कुणी बंद करेना. आप्पांनी एकदा मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, चहात तीन चमचे साखर घातली आणि वाट बघितली. अभिनंदन पेपर वाचत राहिला, पेपर उलटा धरून.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वयंपाकघरात आले. केतकी भाकरी थापत होती. म्हणाले, "हल्ली मला कुणी ओरडत नाही गं या घरात."

"रिपोर्ट चांगला आलाय म्हणून, आप्पा."

"हां," म्हणाले. "मग ठीक आहे."

बोलायची वेळ होती ती. तिला नंतर शंभरदा वाटलं, तेव्हा सांगायचं होतं. पण भाकरी तव्यावर होती, करपली असती, असलं काहीतरी कारण माणसाला पुरतं.

क्षमावाणी आली. आप्पांनी गल्लीची क्षमा मागितली. मग फोन हातात घेऊन झोपाळ्यावर बसले. केतकी दारातून बघत होती आणि मनात म्हणत होती, लावा आप्पा, लावा. आप्पांनी फोन ठेवला आणि हसून म्हणाले, "फुफ्फुस काचेसारखं आहे की. घाई काय? पुढच्या वर्षी स्वतः निपाणीला जाऊन येतो."

ते थंडीतच गेले. सकाळी आंघोळीला पाणी काढलं आणि बाथरूमच्या दारातच बसले. धाप लागली, रक्त आलं. अभिनंदननं मांडीवर डोकं घेतलं तर त्याच्याकडं बघून म्हणाले, "काचेसारखं होतं की रे." बस, एवढंच. रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. बॉयलर कसा फुटला ते कळेना तसं.

तात्या आले. हुबेहूब आप्पा, फक्त चष्मा वेगळा. कोपऱ्यात बसून राहिले. मग केतकीला जवळ बोलावून विचारलं, "किती दिवस ठाऊक होतं?"

"महिने," ती म्हणाली.

"आणि त्याला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं आता हा माणूस शिव्या देईल, निदान रडेल. तात्या उपरणं नीट घडी करत म्हणाले, "मीही असंच केलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणूनच. त्यानं मला आयुष्यभर माफ केलं नाही. तुम्हाला करायला तर तो राहिलाच नाही."

त्या दिवशी केतकीनं अभिनंदनला आप्पांच्या फोटोसमोर उभं केलं. हार अजून ओला होता. "मला काही झालं तर मला सांगायचं. शपथ घे."

"असलं अभद्र बोलू नको."

"घे."

त्यानं फोटोवर हात ठेवला. "सांगेन. वर ओरडेनसुद्धा, आजारी कशाला पडलीस म्हणून." आणि मग दोघं तिथंच खाली बसून रडले.

केतकीनं प्रती बनवायच्या सोडल्या का? सोडल्या. बुधगावकरांना सांगितलं, मी फोटो काढेन, ते काम नाही करणार. ते सगळं मुबीनकडं गेलं. पण काय आहे ना, गोष्ट एकदा गावात फुटली की फुटली. प्रतीचं कुणीतरी बोललं आणि मग स्वच्छ फोटोवर कुणाचा विश्वासच उरला नाही. गंमत बघ, आजारी माणसं निवांत आणि धडधाकट माणसं रडायला लागली! एक भांड्यांचे दुकानदार आले होते, तांबट म्हणून. साधं सर्दी-पडसं. फोटो खरोखरच स्वच्छ. तर ते केतकीच्या दारात बसूनच राहिले. "ताई, खरं सांगा, दिलाशाचा आहे ना?"

"नाही ओ काका, खरंच काही नाही."

"असंच म्हणणार तुम्ही. माझी बायको सकाळपासून गोड बोलतीय ओ! काहीतरी डाग दाखवा, लहानसा का असेना. डाग दिसला की मी घरी जातो, झोपतो." त्यांना चावी लावून दाखवली. आत काही नाही असं पडद्यावर आलं. तर म्हणाले, चावीही तुमचीच की. एक ना एक दिवस हा माणूस काळजीनंच मरणार, असं मुबीन म्हणाला. तेव्हा सगळे हसले.

आणि मग केतकीला खोकला लागला.

आधी धुळीचा वाटला. मग जिना चढताना थांबावं लागायला लागलं. मग एका सकाळी बेसिनमध्ये तिनं काहीतरी बघितलं आणि नळ सोडून दिला. मुबीननं फोटो काढला. "ताई, श्वास घ्या... धरा... हे तुम्हाला सांगायला कसंतरीच वाटतंय." ती हसली. पडद्याकडं तिला बघता आलं नाही, कारण ती मशीनच्या त्या बाजूला होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

आत अभिनंदन बुधगावकरांकडं गेला. सोबत कोण आलंय, तर तो आलेला.

बराच वेळ झाला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची कॉलर ओली होती. तोंड धुतलेलं. म्हणाला, "उकडतंय नाही?" आणि तिचा फोन पुढं केला. "बघ. काचेसारखं आहे."

तिचेच शब्द. तिचंच हसू, तिनं आप्पांसमोर आणलेलं. पण माणूस तोंड धुतोच की, उकाडा होताच. आणि काचेसारखं हा शब्द काय तिनं विकत घेतला होता? तिनं फोटो मोठा करून बघितला. दोन्ही फुफ्फुसं काळीभोर, कुठं काही नाही. तांबटांच्या फोटोसारखी. आप्पांच्या प्रतीसारखी.

"शपथ आठवतीय ना?" ती म्हणाली.

"आठवतीय की," तो म्हणाला. गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

पुढचे चार-सहा दिवस तिनं काय केलं ऐक. तिनं स्कूटर फाटकात मुद्दाम आडवी लावली. अभिनंदन दुकानातून आला, उतरला, स्कूटर सरळ केली, आत आला, म्हणाला, "चहा करू?" तिनं दूध उतू घालवलं. त्यानं ओटा पुसला. तिनं त्याच्या दुकानाच्या बिलांवर पाणी सांडलं. तो म्हणाला, "वाळतील." मग तिनंच त्याच्यावर ओरडून बघितलं, त्या ओल्या टॉवेलवरून, जोरात, शेजारी ऐकतील असं. तर हा माणूस टॉवेल उचलून म्हणाला, "चुकलं माझं." लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं.

तांबट आठवले तिला. माझी बायको सकाळपासून गोड बोलतीय ओ. आता तिला हसू येईना.

रविवार होता. दिवस कलायला लागला तशी ती सेंटरला गेली. पाळी मुबीनची. तो तिला बघून उठला. रोज काहीतरी टोमणा मारणारा मुबीन, आज नुसताच उभा, बोटंसुद्धा गप्प.

"माझी फाइल उघड," ती म्हणाली.

त्यानं उघडली. तिच्याकडं न बघता म्हणाला, "मी चहा सांगून येतो, ताई." चहा फोनवर सांगतात तिथं. तो जिना उतरून गेला.

आता ती एकटी. पडद्यावर तिची छाती, स्वच्छ. शेजारी काचेची चौकोनी पट्टी, तिच्या अंगठ्याएवढी. हजारो फोटो तिनं त्या पट्टीवर उघडले होते, आणि काम सोडलं तरी तिचा अंगठा अजून चालत होता. टेकवायचं आणि झालं. आत काही नाही असं आलं तर ती घरी जाणार आणि गोड बोलल्याबद्दल नवऱ्याला लाथ घालणार. आणि आत काही असलं तर, अट आठव, औषध नाही. बघून बरं व्हायचं नाही, फक्त कळायचं. आणि एकदा कळलं की अभिनंदनला तिच्यासमोर तसं हसायला लावायचं, का त्याला सांगायचं की तुझं नाटक संपलं? आप्पांना निपाणी होती. तिला काय होतं? तिला तर सगळं तिथंच होतं, त्या घरात, आडव्या स्कूटरपाशी.

तिनं अंगठा उचलला. आणि पट्टीवर ठेवायच्या ऐवजी फोन लावला.

"अभि, मी सेंटरला आहे."

पलीकडं स्वयंपाकघरातला नळ चालू होता तो बंद झाला.

"दिवस बुडायला आलाय," ती म्हणाली. "मला उशीर झालाय. ओरड की."

"केतकी..."

"ओरड माझ्यावर. रोज ओरडतोस तसं. नुसतं एकदा ओरड, मी अशीच उठून घरी येते. फाइल बंद करते. देवाशपथ, बघत नाही."

तिला त्याचा श्वास ऐकू आला. घेतला. धरला. तिच्या ओठांवर आलं होतं, सोडा.

"दिवस बुडाला," तो म्हणाला. आवाज चढवला त्यानं, खरंच चढवला, मोटारीच्या वर. "कुठं..." मग घसा खाकरला. पुन्हा, "कुठं म..."

आणि तिथंच अडकला. तो शब्द त्याच्या तोंडून निघेचना. नऊ वर्षं रोज निघालेला शब्द.

मग अगदी हळू म्हणाला, "ये. सावकाश ये. मी जेवायचा थांबलोय."

"दिवस मावळला तरी?"

"मावळू दे."

खिडकीबाहेर ऊन गेलं होतं. पडद्यावर तिची छाती तशीच, काळीभोर, स्वच्छ, कुठं डाग नाही. अंगठ्याखाली काच. घरी ताटं वाढलेली, आणि एक माणूस, जो तिला कळू नये म्हणून जन्मात पहिल्यांदा दिवस मावळल्यावर जेवणार होता.

बोल आता. तिच्या जागी तू काय केलं असतंस?